पाईजोला सांगता तसं सांगा

मुलगी मागायला जायला बारा दिवस उरले होते आणि स्लामेतकाकांचा आवाज गेला.

आता हे काही साधंसुधं संकट नव्हे. जावातल्या सोलो शहरात, आमच्या गल्लीत गेली पंचवीस वर्षं मुलाकडून बोलायला काकाच उभे राहायचे. आमच्याकडे मुलाचा बाप स्वतः तोंड उघडत नाही. त्यानं नवा बाटिकचा सदरा घालून, मांडी घालून, चेहरा गंभीर करून बसायचं. बोलायचं दुसऱ्यानं, तेही दरबारी जावानीजमध्ये, आणि मुलगी हवी आहे हे सोडून बाकी सगळं बोलायचं. ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. काकांना हे असं काही साधलं होतं की चाळीस मिनिटं बोलूनही मुलीचं नाव निघत नसे आणि तरी लग्न ठरत असे. पण काकांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं, आणि काकांनी वहीच्या पानावर लिहून दिलं, ‘दुसरा बघा.’

‘दुसरा कशाला? मी मेलोय का?’ मुलाचे वडील पाक मार्सुदी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले. ‘रीत मोडली तर मोडली. एकतीस वर्षं कचेरीत मसुदे लिहिलेत मी. माझ्या मसुद्यातला एक स्वल्पविराम कुणी हलवला नाही कधी!’

बू एंदांग, म्हणजे त्यांच्या मंडळी (आमच्याकडे पुरुषाला मानानं पाक म्हणतात, बाईला बू), कोपऱ्यात इस्त्री करत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, ‘अहो, ते मसुदे गटारांच्या उद्घाटनाचे होते ना?’

‘उद्घाटन ते उद्घाटन,’ पाक मार्सुदी म्हणाले.

खरी मेख पुढेच होती. मुलीचे वडील पाक प्रावितो. चाळीस वर्षं शाळेत जावानीज शिकवलेला माणूस. त्यांच्या थोरलीला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्या बोलणाऱ्याला त्यांनी तीनदा मध्येच थांबवून क्रियापदं दुरुस्त केली होती. चौथ्या वाक्याला तो गृहस्थ घाम पुसत खाली बसला आणि ते स्थळही तिथेच बसलं. आता राहिली होती धाकटी, निंग्रुम. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरात बाप आणि लेक दोघंच. आणि आपले नवरदेव गालिहराव नोकरीला कुठे, तर समुद्रापलीकडे बालिकपापानला. शनिवारी यायचे, रविवारी मुलगी मागायची, सोमवारी परत. पुढची रजा वर्षानं.

‘बाबा, या खेपेला बिनसलं तर ते तिच्यासाठी इथलंच कुणीतरी बघतील,’ गालिह फोनवर म्हणाला. ‘तिनंच सांगितलंय. तुम्हाला लिहायला जड जात असेल तर मोबाइलमध्ये तो चॅटबॉट आहे, तो वाटेल ते लिहून देतो. फक्त त्याला काय हवंय ते नीट सांगावं लागतं. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात.’

‘म्हणजे अर्ज,’ पाक मार्सुदी म्हणाले. ‘तू निर्धास्त राहा. अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये.’

आणि त्यांनी लिहिला. वर उजव्या कोपऱ्यात तारीख. क्रमांक एक. विषय, सदिच्छा भेट. सोबतची कागदपत्रं, निरंक. ‘माननीय यंत्रसाहेब, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. घरातील सर्व मंडळी कुशल आहेत ना?’ यंत्रानं क्षणात उत्तर दिलं, की आपण चौकशी केलीत, आभारी आहे, मला घर नाही आणि मंडळीही नाहीत, मी आपली काय मदत करू?

पाक मार्सुदींनी फोन पालथा घातला.

‘झालं काम?’ बू एंदांगनी विचारलं.

‘पहिल्याच भेटीत काम काढायचं? काही रीतभात आहे की नाही! त्याला वाटेल, हा आला की मागायलाच आला.’

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या रांबुतानच्या झाडाविषयी लिहिलं. यंत्रानं खतं सुचवली. तिसऱ्या दिवशी मात्र पाक मार्सुदी मुद्द्यावर आले, म्हणजे सोलोतला सभ्य माणूस मुद्द्यावर येतो तितकेच आले. त्यांनी लिहिलं, ‘येत्या काही दिवसांत आमच्या घरची काही माणसं कुठेतरी जाण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ एवढं वाचून सोलोतलं शेंबडं पोरही सांगेल की यांच्याकडे लग्न निघालंय. यंत्रानं मात्र प्रवासाच्या सामानाची यादी दिली. छत्री, प्रथमोपचाराची पेटी, आणि उन्हासाठी मलम.

‘अगदीच मठ्ठ आहे,’ पाक मार्सुदी म्हणाले. ‘परक्या मुलखातलं दिसतंय.’

एव्हाना गल्लीभर बोभाटा झालाच होता. गल्लीप्रमुख पाक कुंचोरो रोज संध्याकाळी सगळ्यांच्या कुंपणावरून डोकावण्याचं सार्वजनिक काम करतात. त्यांनी डोकावून सांगितलं, ‘चुकताय तुम्ही! त्याला आधी भूमिका द्यायची. तू अमका आहेस म्हणायचं, की तो तमका होतो. माझ्या भाच्यानं त्याला वकील केलं आणि जागेचा दावा जिंकला.’

‘दावा जिंकला?’

‘म्हणजे, जिंकेल. तारीख लागायचीय.’

पाक मार्सुदींना हे पटलं. एकदा द्यायचीच भूमिका, तर हात आखडता कशाला घ्या? त्यांनी लिहिलं की आपण राजवाड्यातले तीस वर्षांच्या सेवेचे दरबारी अधिकारी आहात, आणि विवाहप्रसंगीच्या भाषणात आपला हात धरणारा कुणी नाही. यंत्र तत्काळ दरबारी झालं. त्यानं नऊ पानांचं भाषण दिलं, त्यातली निम्मी भाषा पाक मार्सुदींना कळली नाही, आणि जी कळली ती त्यांच्या आजोबांनीसुद्धा वापरली नसती.

आता कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, बाबा रे, लांब झालं, कमी कर. पण राजवाड्यातल्या अधिकाऱ्याला असं कसं सांगणार? पाक मार्सुदी कचेरीतून निवृत्त झाले ते हेडक्लार्क म्हणून. इतक्या वरच्या माणसाला ‘लांब झालं’ म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती, बोटांना कुठून असणार? आपणच चढवलेल्या माणसापुढे ते दोन दिवस हात जोडून बसले. शेवटी हिंमत करून लिहिलं, ‘आपले शब्द म्हणजे मोती. परंतु माझा घसा दुबळा आहे.’

अधिकारीसाहेबांनी घशासाठी आलं, ताडगूळ आणि लवंगेचा काढा लिहून दिला. बू एंदांगनी तो करून स्लामेतकाकांकडे पाठवला. काकांनी वहीच्या पानावर लिहून कळवलं, ‘छान आहे, अजून पाठवा.’ या सगळ्या खटाटोपात एवढं एकच काम झालं.

मग पलीकडच्या बू सुलास्त्री आल्या. त्यांचं म्हणणं, यंत्राला नमुना द्यावा लागतो. जसं हवं तसं आधी दाखवायचं. पाक मार्सुदींनी कपाटातून स्वतःची निवडक सहा भाषणं काढली, बाहीनं धूळ पुसली आणि त्यांचे फोटो काढून पाठवले. यंत्रानं नमुना हुबेहूब उचलला. ‘सदर कन्या दीर्घकाळ प्रलंबित असून,’ असं भाषण सुरू झालं, आणि ‘तिच्या हस्तांतरणाने दोन्ही बाजूंच्या रहिवाशांची गैरसोय कायमची दूर होईल,’ असं संपलं. बू सुलास्त्री तोंडाला ओढणी लावून जे हसत सुटल्या ते त्यांच्या घराचं दार बंद झाल्यावरही ऐकू येत होतं. पाक मार्सुदींचा चेहरा उतरला. ती भाषणं लोकांनी उभं राहून ऐकली होती हो. खुर्च्या कमी होत्या हे खरं, पण उभं राहून ऐकली होती.

ते चिडून यंत्राला सुनावणार, एवढ्यात पडद्यावर अक्षरं आली: आजची आपली मर्यादा संपली आहे, कृपया चारनंतर प्रयत्न करा.

गंमत बघा, हे वाचून पाक मार्सुदींना पहिल्यांदाच त्या यंत्राविषयी आपुलकी वाटली. इतके दिवस मेलं विचारल्याविचारल्या उत्तर देत होतं, त्याला काय किंमत? ‘चारनंतर या’ म्हणाल्यावर कसं कचेरीसारखं वाटलं. ते शांतपणे पडवीत जाऊन बसले. पण हातातला चहा निवत गेला तरी त्यांनी घोट घेतला नाही. शुक्रवार होता. उद्या गालिह येणार.

‘पोरगं वर्षभर थांबेल एक वेळ,’ ते म्हणाले. ‘पण ती पोरगी? मास्तर तिला थांबू देणार नाहीत. माझ्या जिभेपायी त्याचं बिनसलं तर मी त्याला तोंड कसं दाखवू, सांग.’

बू एंदांगनी इस्त्री बंद केली. बाईंनी इस्त्री बंद केली की घरातली भिंतसुद्धा ऐकायला लागते.

‘अहो, तुमच्या हाताखाली तो पाईजो होता ना? सव्वीस वर्षं. त्याला काम कसं सांगायचात?’

‘पाईजोला? त्याला काय, सरळ सांगायचो. पाईजो, बस. काम हे आहे, वाचणारा हा आहे, एवढं लिही, एवढं लिहू नको. कळलं नाही तर विचार.’

‘आणि तो करायचा?’

‘बिनचूक. त्याला आडून बोललेलं कळतच नसे. भला माणूस.’

‘मग त्या यंत्राला सांगा, तू पाईजो आहेस.’

चार वाजले तसे पाक मार्सुदींनी बाह्या सरसावल्या आणि वीस मिनिटांत अर्ज लिहून काढला. विषय नाही, सदिच्छा नाही, सरळ सात मुद्दे. यंत्रानं एक पान दिलं. ‘जशा दोन नद्या एकाच सागराच्या ओढीने वाहतात,’ अशी त्याची सुरुवात होती. फुलं, चंद्र आणि पक्षी घालायचे नाहीत अशी ताकीद होती म्हणून यंत्रानं नद्या काढल्या असाव्यात. पण भाषा अशी गोड की वाचता वाचता पाक मार्सुदींना स्वतःचाच अभिमान वाटला.

लगेच ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि दोन्ही कागद छापून आणले. दोन्ही म्हणजे उत्तर आणि मूळ अर्ज. आलेल्या उत्तराला मूळ अर्ज जोडल्याशिवाय फाइल पुरी होत नाही. सारख्याच आकाराचे कागद, सारखाच टंक. दोन्ही त्यांनी बायकोकडे दिले. ‘उद्या नको, परवा सकाळी माझ्या खिशात घाल. म्हणजे चुरगळायचे नाहीत.’

रविवारी सकाळी दहाला वरात निघाली. मास्तरांचं घर तीन गल्ल्या पलीकडे. पुढे पाक मार्सुदी, मग गालिह, त्याचा चेहरा दाढ काढायला निघालेल्या माणसासारखा, मग स्लामेतकाका तोंड मिटून, मग बायका, आणि मागे ताटं घेऊन खुद्द पाईजो. तोही आता निवृत्त झालेला, पण साहेबांच्या घरचं कार्य म्हटल्यावर हजर. ताटांत चिकट भाताचे पदार्थ, लग्न चिकटून राहावं म्हणून.

मास्तर भिंतीला पाठ लावून बसले होते. चष्म्यावरून प्रत्येकाला एकदा बघून घेतलं. निंग्रुम आतल्या पडद्याआड. सगळे चटईवर बसले आणि पाक मार्सुदी उठले. खिशातून कागद काढला, उलगडला, घसा साफ केला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं खणखणीत आवाजात पहिली ओळ वाचली.

‘पाईजो, बस. नीट ऐक.’

मागे ताट घेऊन अजून उभाच असलेला पाईजो तत्काळ खाली बसला. ‘होय साहेब.’

लोकांना वाटलं, भाषणाआधी व्यवस्था लावतायत. पाक मार्सुदींना काहीच वाटलं नाही, कारण हेडक्लार्क आधी वाचतो, मग त्याला अर्थ कळतो. ते पुढे गेले.

‘एक. काम काय: माझ्या गालिहसाठी पाक प्रावितोंची निंग्रुम मागायची आहे. बाकी काही नाही. दोन. ऐकणार कोण: पाक प्रावितो. माणूस कडक आहे, चुका काढतो. मला त्याची भीती वाटते.’

आणि इथे अर्थ कळला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते पाक मार्सुदींच्या तोंडाकडे बघून कुणालाही समजलं असतं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. कोरा. खिसा चाचपला. रिकामा. बायकोकडे पाहिलं, तर ती ओढणीची कड नीट करत होती. गालिहनं डोळे मिटून घेतले.

‘थांबलात का?’ मास्तर म्हणाले. ‘वाचा पुढे. मजकूर अर्धा सोडायचा नसतो.’

वाचण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. ‘तीन. मुलगा कसा: साधा. कपड्यांच्या घड्या घालत नाही. खोटं बोलत नाही. मुलीचं नाव निघालं की फोनवर त्याचा आवाज बदलतो, तो मी ऐकलाय. चार. मुलगी कशी: ईदला आली तेव्हा कुणी न सांगता भांडी घासायला बसली. आमच्या हिला ती आवडते, आणि हिला सहसा कुणी आवडत नाही. पाच. फुलं, चंद्र, पक्षी घालू नको. सहा. एका पानात आटप. सात…’

‘सात?’ मास्तरांनी विचारलं.

‘सात नंबर अंतर्गत आहे,’ पाक मार्सुदी पुटपुटले. ‘गोपनीय.’

‘वाचा.’

पाक मार्सुदींचा आवाज पहिल्यांदाच उतरला. ‘सात. हे कुठेही लिहायचं नाही. मुलगी गेल्यावर तो माणूस त्या घरात एकटा राहील. बायको गेल्यापासून त्याचा चहासुद्धा तीच करते. खरी अडचण ही आहे. सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आपणही बोलायचं नाही, कारण मला त्यावर उत्तर सुचलेलं नाही. कळलं का? कळलं नसेल तर विचार, अंदाजानं लिहू नको.’

‘कळलं साहेब,’ मागून पाईजो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

पडद्याआड कुणीतरी नाक ओढलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आपल्या खिशातून घडी घातलेला कागदांचा जुडगा काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि होता तसा परत ठेवून दिला.

‘एक चूक आहे,’ ते म्हणाले.

पाक मार्सुदींनी मान खाली घातली. झालं, चौथं वाक्य आलं.

‘चहा ती करत नाही. मीच करतो. ती फक्त शेजारी बसते.’ मास्तर म्हणाले. ‘ते शेजारी बसणंच जाईल हो.’

हे असं सोलोत कुणी चारचौघांत बोलत नाही. पण सात मुद्दे मोठ्यानं वाचून झालेल्या माणसाला आता कसली भीड? पाक मार्सुदींनी कागद खिशात कोंबला.

‘मास्तर, उत्तर सुचलं नव्हतं ते आत्ता सुचलं. तुम्ही रोज चार वाजता आमच्याकडे या. तीन गल्ल्या तर आहेत. पोरगं माझंही लांबच आहे, मीही दिवसभर त्या यंत्राशी भांडत बसतो. शेजारी बसायला जागा आहे. माझा चहा चांगला होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.’

रिवाजाप्रमाणे मुलीकडच्यांनी निदान अर्धा तास पावसापाण्याचं, पूर्वजांचं बोलायचं आणि मग उत्तराकडे नुसतं बोट दाखवायचं असतं.

‘दिली,’ मास्तर म्हणाले.

गालिह उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नाही, म्हणून परत बसला. स्लामेतकाकांनी डॉक्टरांना न जुमानता ‘शाब्बास’ म्हणून घेतलं आणि पुढे पाच मिनिटं खोकले. ताटांवरची झाकणंसुद्धा अजून निघायची होती.

ती निघाली तेव्हा पाक मार्सुदींनी बायकोला कोपऱ्यात गाठलं. ‘अगं, तो दुसरा कागद?’

‘वाजिकच्या ताटात खाली घातला,’ बू एंदांग म्हणाल्या. ‘गुळाचा पदार्थ, ताटाला चिकटतो.’

‘पण भाषण ते होतं! तू वाचलं नाहीस?’

‘दोन्ही वाचले. एकच तुमच्यासारखा बोलत होता.’

तिकडे मास्तरांनी वाजिकचा तुकडा उचलला तर त्याच्याबरोबर कागदही वर आला. सवयीनं त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. ‘जशा दोन नद्या एकाच सागराच्या ओढीने…’ त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इकडेतिकडे बघत त्यांनी आपल्या खिशातला तो कागदांचा जुडगा काढला आणि काही न बोलता पाक मार्सुदींच्या हातात दिला. त्याची पहिली ओळ पाक मार्सुदींना तोंडपाठ होती. नद्याही त्याच, सागरही तोच. फक्त हे मुलीकडचं उत्तराचं भाषण होतं, आणि नऊ पानांचं.

‘तुम्हीसुद्धा?’ पाक मार्सुदी म्हणाले.

‘मी त्याला राजवाड्यातला अधिकारी केलं होतं,’ मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

‘आणि मग लांब झालं हे सांगता येईना.’

‘कसं सांगणार? केवढा मोठा माणूस!’

पाक मार्सुदींची छाती आपोआप फुगली. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, जो कालपर्यंत ठेवायची त्यांची छाती झाली नसती. ‘मास्तर, त्यात तुमची चूक झाली. त्याला पाईजो करायचं.’

‘आलो साहेब!’ मागून पाईजो भरल्या तोंडानं ओरडला.

मास्तर हसले. पडदा सारून बाहेर आलेली निंग्रुम तिथेच थबकली, कारण सहा वर्षांत त्या घरात हा आवाज तिनं ऐकला नव्हता.

‘उद्या चारला येतो,’ मास्तर म्हणाले. ‘फोन घेऊन येतो. चहा मात्र मीच करीन.’